सत्तावीस नंबरची बायो

कामावरून घरी आले की मी आधी दारातच खिसे झटकते. थोडी वाळू पडते, थोडं जत पडतं, म्हणजे आपला लसूणघास, कुणाचे तरी केस, कुणाचं तरी पीस. आणि रोज एखादा किस्सा! वाळू झाडून टाकता येते, किस्से साठत जातात. माझी नात सना म्हणते, "दादी, जस्ट राइट इट डाउन ना." लिहिते बाई! दाभोळच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले मी. पुढचं सगळं औषधांच्या बाटल्या, पिंजऱ्यांच्या पाट्या आणि डॉक्टरांची पुस्तकं वाचून शिकले. माझ्या लिहिण्यात ज्याला चुका काढायच्या असतील, त्याने आधी चित्त्याच्या पिल्लाला बाटलीने दूध पाजून दाखवावं. मग बोलावं.

अबू धाबीपासून आत, वाळवंटात एका मोठ्या खाजगी फार्मवर प्राण्यांचा दवाखाना आहे. सरकारने जप्त केलेले, लोकांनी टाकलेले, आजारी पडलेले सगळे तिथे येतात. मी तिथे अठरा वर्षं आहे. कागदावर क्लीनर. काम म्हणाल तर आई नसलेली पिल्लं जगवायची. डॉक्टर मॅथ्यू केरळचे, हुशार माणूस, पण आवाज इतका बारीक की प्राण्यांनासुद्धा ऐकू जात नाही. आणि इद्रीस. तो जनावरांचं चारा-पाणी बघणारा, चाडचा, म्हणजे सहाराच्या खालच्या अंगाला असलेल्या आफ्रिकेतल्या देशाचा. मी हमीदा, पण मला सगळे खालाच म्हणतात, म्हणजे मावशी.

यात एक किस्सा बायोचा आहे. बायो म्हणजे आमच्याकडची एक ओरिक्स, आफ्रिकेतलं मोठं पांढरं हरीण. तिला तिच्या मुलखात परत पाठवायचं घाटत होतं, आणि ती जाऊ शकणार नव्हती. कारण मी! पण तो किस्सा शेवटी. आधी बाकीचे ऐका, म्हणजे तिला घालवायचा मी एवढा हट्ट का धरला ते कळेल.

* * *

कायदा कडक होण्यापूर्वीची गोष्ट. तेव्हा लोक उघड उघड आणायचे. एक तरुण मुलगा आला, पांढरीशुभ्र गाडी, काळा चष्मा. मागच्या सीटवर लहान बाळाची खुर्ची आणि त्या खुर्चीत पट्टा लावून बसवलेलं चित्त्याचं पिल्लू!

मुलगा तावातावाने म्हणाला, "डॉक्टर, मला फसवलंय. घेतलं तेव्हा पाठीवर मस्त राखाडी आयाळ होती. आता गळायला लागली. हा डुप्लिकेट आहे का?"

डॉक्टरांनी त्याला समजावलं, की चित्त्याच्या पिल्लाची आयाळ वय वाढलं की जातेच. मी तोवर पिल्लाला खाली ठेवलं. ते उभंच राहीना. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले.

"खायला काय देतोस रे?"

"बोनलेस चिकन. फक्त ब्रेस्ट."

"अरे, हाडं खाल्ली नाहीत तर हाडं होणार कशाची?"

"पण घशात अडकलं असतं ना, खाला!" म्हणजे पोराला काळजी होती. प्रेम होतं! तेच तर मला सहन होत नाही.

 इद्रीसने फक्त विचारलं, "बोटीतून आलं ना हे? सोमालियाकडून? एका खोक्यात किती होती?"

"मला काय माहीत?" मुलगा खांदे उडवत म्हणाला. "मी त्यातलं जिवंत होतं ते घेतलं."

* * *

हा छोटा आहे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये गोडाऊन असलेला आमच्या रत्नागिरीचाच हनीफ एक आफ्रिकन कासव घेऊन आला. चार माणसांनी उचलून पिकअपमधून उतरवलं. म्हणाला, "खाला, आणलं तेव्हा नानकटाईएवढं होतं हो! स्टाफच्या पोरांना गंमत म्हणून ठेवलं. आता पँट्रीचा दरवाजा तोडून आत आलं. याचं वाढायचं थांबणार कधी?"

मी म्हटलं, "तुला काय करायचंय? तू थोडाच बघायला असणार आहेस? हे ऐंशी-शंभर वर्षं जगतं."

हनीफचं वय छप्पन्न, त्यात बीपी. बिचारा स्टुलावरच बसला. म्हणाला, "मग माझ्यानंतर याचं कोण करणार?" स्वतःच्या मुलांची एवढी चिंता त्याने कधी केली नव्हती!

* * *

सनाच्या मैत्रिणीच्या मुलाचा पहिला वाढदिवस होता. अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर, अठ्ठाविसाव्या मजल्यावर. मंडळी आपली मराठी, पुण्या-नाशिकची. जंगल थीम. मला मुद्दाम बोलावलेलं, कारण "दादींना प्राणी फार आवडतात ना!"

आत गेले. फुगे, कागदाची झाडं, प्लॅस्टिकचे साप. आणि कोपऱ्यात एका माणसाच्या मांडीवर खरं सिंहाचं पिल्लू. डोळे अर्धे मिटलेले. पोरं रांगेत उभी, फोटोसाठी.

सनाने माझा दंड धरला. "दादी, प्लीज डोंट मेक अ सीन."

"सीन झालेलाच आहे. मी फक्त बोलणार आहे."

जवळ जाऊन पिल्लाचा पंजा हातात घेतला आणि हलक्याने दाबला. मांजराचं करतात तसं. नखं बाहेर यायला हवीत. आली नाहीत. नखंच नव्हती! उपटून काढलेली, आणि दोन बोटं अजून ओली होती. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की वाढदिवसाचं बाळ रडायला लागलं. पिल्लू मात्र हललंसुद्धा नाही. त्याला काहीतरी पाजलेलं होतं.

त्या माणसाने सामान आवरलं. मी गेटवर सिक्युरिटीला फोन लावला, सिक्युरिटीने पुढे लावला. दोन दिवसांनी ते पिल्लू आमच्याच दवाखान्यात आलं. ते सगळं बरोबर झालं. पण त्या दिवशी लिफ्टपर्यंत बाळाची आई माझ्यामागे आली होती. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, पोरीला लाज वाटली.

"काकू, आम्ही इतके पण वाईट नाही हो," ती म्हणाली. "आम्ही त्याच्यासाठी वेगळा केक आणला होता. झेब्र्याच्या शेपचा!"

* * *

आता वकील. वकील हा आफ्रिकेतला राखाडी पोपट, शेपटी लाल. रीम आयलंडवरच्याच एका बाई कॅनडाला जाताना आमच्याकडे सोडून गेल्या. म्हणाल्या, "एवढा हुशार म्हणून घेतला, पण एक शब्द बोलत नाही. नुसते आवाज काढतो."

आवाज कसले? ठक्. ठक्. ठक्. बराच वेळ ठक्. मग कर्रर्र, मग धाड! मग शांत. आणि मग एकदम दहा-बारा बारीक किंकाळ्या, एकात एक मिसळलेल्या. एका चोचीतून! बाई म्हणाल्या, सुरुवातीला त्यांना वाटलं वरच्या फ्लॅटमध्ये सुतारकाम चाललंय. बिल्डिंग मॅनेजमेंटकडे तीनदा तक्रार केली त्यांनी. वरच्यांशी बोलणं बंद झालं ते झालंच.

आम्हालाही काही कळेना. मग एक दिवस जतचा ट्रक आला. ड्रायव्हर कॅमेरूनचा, जंगलातल्या गावचा. व्हरांड्यात बसून सुलेमानी पीत होता. वकिलाने सुरू केलं. ठक्. ठक्. ठक्. ड्रायव्हरने ग्लास खाली ठेवला.

"ही कुऱ्हाड आहे," तो म्हणाला.

मग कर्रर्र, धाड.

"हे झाड."

मग त्या किंकाळ्या. ड्रायव्हर पिंजऱ्याकडे बघत राहिला, आणि आम्ही त्याच्याकडे. "ढोलीतली पिल्लं," तो म्हणाला. "पोपटाची पिल्लं अशीच काढतात. हा त्यातलाच एक असणार."

चहा तसाच टाकून तो गेला.

डॉक्टर हळूच म्हणाले, "खाला, याला औषध काय द्यायचं?" मी म्हटलं, "गप्पा. दुसरं काही ऐकल्याशिवाय हे जुनं कसं जाईल?" त्या दिवसापासून पिंजरा व्हरांड्यात माझ्या कामाच्या टेबलापाशी. मी दिवसभर बोलायची आणि तो मान वाकडी करून ऐकायचा. सहा महिन्यांत कुऱ्हाड कमी झाली आणि हमीदा सुरू झाली. "इद्रीस, बादली कुठाय?" "मॅथ्यू, जेवलात का?" हुबेहूब माझा आवाज! मला फार अभिमान वाटला. तो अभिमान नंतर कसा नडला ते पुढे येईलच.

* * *

इद्रीस नवीन आला तेव्हाची गोष्ट. फार्मवर ओरिक्सचा कळप आहे. अरबस्तानातलं ओरिक्स वेगळं, त्याची शिंगं सरळ. हे आफ्रिकेतलं. अंग पांढरं, मान तांबूस, आणि शिंगं मागे वळलेली, आमच्याकडच्या कोयत्यासारखी, पण दोन-दोन हात लांब. अरबीत त्याला अबू हराब म्हणतात, भाल्यांचा बाप. एके काळी सहाराच्या कडेकडेने, पार समुद्रापासून सुदानपर्यंत यांचे कळप फिरायचे. मग बंदुका आल्या, जीपगाड्या आल्या, वर दुष्काळ पडले. मोकळ्या रानात एक राहिलं नाही. जगले ते असे कुंपणाआड, दुसऱ्यांच्या देशात, बादलीतलं खाऊन.

इद्रीस पहिल्या दिवशी कुंपणापाशी गेला आणि थांबला. हातातला जतचा भारा खाली पडला. मी ओरडले, "यल्ला, काय झालं?"

"खाला, हे आमचं आहे," तो म्हणाला. "आमच्या गावच्या गाण्यांत आहे. मी कधी बघितलंच नव्हतं."

त्याने तिथूनच गावी व्हिडिओ कॉल लावला. बाप फार म्हातारा, कुणीतरी फोन धरून दिलेला. इद्रीसने कॅमेरा कळपाकडे फिरवला. म्हातारा फोनच्या इतका जवळ आला की पडद्यावर नुसता डोळा दिसायला लागला.  मग तो बोलला, आणि इद्रीसचा चेहरा बदलला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, अजून आहेत का ही?"

"आणि?"

"म्हणाले, मला वाटलं आमच्या भागातली शेवटची मीच खाल्ली."

* * *

आता माझी चूक. लपवायची नाही. मला सगळं कळतं, हा माझा जुना आजार आहे.

एका सकाळी मी कळपाच्या मोठ्या आवारात पाणी बघायला गेले, तर गाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, झाडाखाली ओरिक्सचं पिल्लू. वाळूच्या रंगाचं, एवढंसं, एकटं. आई कुठे दिसेना. मी लहानपणी पन्नास शेळ्या वळलेली बाई! आमच्या शेळीने पिल्लू असं उन्हात टाकलं तर समजायचं, तिने सोडलं. मी उचललं. पदरात गुंडाळलं आणि दवाखान्यात आणून बाटलीने दूध पाजलं. सगळ्यांना ऐकवलंसुद्धा, "मी बघितलं म्हणून वाचलं!"

इद्रीस धावत आला. "खाला, कुठून उचललंस?"

"गाफखाली टाकलेलं होतं."

"टाकलेलं नव्हतं! ठेवलेलं होतं!" इतक्या वर्षांत तो माझ्यावर तेवढा एकदाच ओरडला. "आई पिल्लाला लपवते आणि लांब जाऊन उभी राहते, म्हणजे कुणाला कळू नये! ती टेकाडामागे उभी होती, खाला. मी रोज बघत होतो. ती अजून तिथेच उभी आहे!"

मी पिल्लू घेऊन परत पळाले. त्या वयात पळाले! गाफखाली ठेवलं. मी आणि इद्रीस लांबून बघत राहिलो. आई आली. वास घेतला. पुन्हा वास घेतला. दोन पावलं मागे सरली आणि वळून कळपात निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

खलास! मग ते पिल्लू माझंच झालं. दिवसातून पाच वेळा बाटली. मी शेळ्यांना घालायची तशी हाक घालायची, आधी जीभ टाळूला लावून टॉक-टॉक-टॉक, आणि मग, "ये गो बायो, ये!" ते चारही पाय उडवत यायचं आणि डोकं माझ्या कमरेत खुपसायचं. नाव बायोच पडलं. कानातला बिल्ला सत्तावीस नंबरचा. वर्षभरात अंग पांढरं झालं, शिंगं वाढली. तिला कळपात सोडलं तरी माझी हाक ऐकली की कळप सोडून धावायची.

आणि मग एका दिवशी डॉक्टर म्हणाले, "काही ओरिक्स चाडला परत पाठवणार आहेत. रानात सोडायला."

इद्रीसने मला उचलून गोल फिरवलं. गुडघे दुखतात हो माझे! तो बरोबर जाणार होता, सांभाळायला. "बायो जाईल ना?" मी विचारलं.

डॉक्टरांनी खाली बघितलं. "खाला, जे जनावर माणसाच्या हाकेला येतं, ते रानात जात नाही. तिकडे हाक मारणारा कोण असेल आणि त्याच्या हातात काय असेल, सांगता येतं का?"

म्हणजे तिची आई मी घालवली आणि आता तिचा मुलूखही मीच घालवणार होते.

* * *

डॉक्टरांनी नियम केले. निवडीला तीन महिने होते. नाव घ्यायचं नाही, नंबर म्हणायचं. हाताने खायला नाही. हाक तर नाहीच. आणि मी त्या कुंपणाजवळ गप्प राहायचं. मी! गप्प! इद्रीस म्हणाला, "इन्शाल्ला जमेल," पण त्याच्या तोंडावर हसू होतं.

जमलं! आठ दिवस मी तोंडाला रुमाल बांधून फिरले. नवव्या दिवशी कुंपणापाशी बघते, तर बायो मान उंचावून धावत येतेय. मी चिडून मागे वळले. कोण बोलावतंय हिला?

व्हरांड्यातून आवाज आला, टॉक-टॉक-टॉक. "ये गो बायो, ये!"

वकील!

पिंजऱ्यावर चादर टाकली. चादरीआडून हाक आली. पिंजरा मागच्या स्टोअरमध्ये नेला. तिथे घुमून आवाज आणखी मोठा झाला, म्हणून परत व्हरांड्यात आणला! डॉक्टर म्हणाले पोपट दुसरीकडे पाठवू. मी म्हटलं, तो आधीच एकदा मुलूख सोडून आलाय, आता कुठे पाठवता? आणि पोपट गेला तरी हाक तिच्या कानात राहणारच. पोपट हलवून भागणार नव्हतं. हाकच नासवायला हवी होती.

आमच्या गावात एक शेळी शेजाऱ्याच्या परसात शिरायची. शेजारीण मोठी वस्ताद. ती गोड हाक मारून बोलवायची आणि जवळ आली की अंगावर पाणी आणि कानाशी पत्र्याचा डबा. पंधरा दिवसांत शेळीला गोड आवाजाचीच भीती बसली. मी डॉक्टरांना हे सांगितलं. 

"हे तुम्हालाच करावं लागेल, खाला. आवाज तुमचा आहे."

"माहीत आहे मला. शिकवू नका."

"म्हणजे तिला शिकवायचं की माणसं वाईट असतात," ते पुटपुटले.

इद्रीस म्हणाला, "मग त्यात खोटं काय आहे?"

* * *

तुपाचा रिकामा डबा घेतला, आत खडे भरले. इद्रीस पाण्याचा पाइप घेऊन झुडपाआड. मी कुंपणाच्या आत गेले आणि हाक मारली.

बायो आली. धावत आली. मी डबा वाजवला, ओरडले, इद्रीसने पाणी मारलं.

ती नाचायला लागली! तिला वाटलं नवा खेळ आहे. अंगावरचं पाणी झटकून पुन्हा माझ्या कमरेत डोकं खुपसलं. इद्रीस हसून हसून झुडपात पडला, मीही हसले. घरी जाऊन मात्र जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी हसायचं नाही असं ठरवलं. डबा कानाशी. पाणी तोंडावर. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. वकील हाक मारेल तेव्हाही मी धावत जाऊन डबा वाजवायची. दिवसातून पंधरा-वीस वेळा! लोक म्हणायचे, म्हातारीला वेड लागलं. सना म्हणाली, "दादी, यू हॅव ब्लिस्टर्स ऑन युअर हँड्स." मी म्हटलं, डबा जड आहे.

दहाव्या-बाराव्या दिवशी ती हाकेला आली, पण मध्येच थांबली. माझ्याकडे बघत उभी राहिली. यायचं होतं तिला. मी तरी डबा वाजवला.

मग एका सकाळी मी हाक मारली, आणि ती वळली आणि पळाली. सरळ, पार पलीकडच्या कुंपणापर्यंत. तिथून माझ्याकडे बघत होती. कान मागे.

डॉक्टर टाळ्या वाजवत आले. "काँग्रॅच्युलेशन्स, खाला!"

मी म्हटलं, "हातपाय धुऊन येते." आणि अर्धा तास बाथरूममधून बाहेर आले नाही.

* * *

निवडीला बाहेरून एक गोऱ्या बाई आल्या. हातात क्लिपबोर्ड, डोक्यावर टोपी. परीक्षा सोपी होती. अनोळखी माणूस बादली हलवत कळपात जाणार. जे जवळ येईल ते बाद.

बाईंचा माणूस बादली घेऊन आत गेला. कळप मागे सरकला. बायो मात्र थांबली. नाक वर केलं. बादलीत जत होतं ना! एक पाऊल पुढे टाकलं. बाईंनी पेन उघडलं. मी इद्रीसचा हात एवढा दाबला की त्याची अंगठी मला रुतली. दुसरं पाऊल.

आणि व्हरांड्यातून, टॉक-टॉक-टॉक. "ये गो बायो, ये!"

बायो अशी उधळली की अख्खा कळप तिच्यामागे उधळला! धूळच धूळ. बादलीवाला तोंडावर रुमाल धरून बाहेर आला.

बाईंनी सत्तावीस नंबरपुढे खूण केली. "व्हेरी गुड. व्हेरी वाइल्ड." मग कान टवकारून विचारलं, "व्हॉट वॉज दॅट साउंड?"

आमचे डॉक्टर, ज्यांनी उभ्या आयुष्यात थाप मारली नाही, ते बारीक आवाजात म्हणाले, "लोकल बर्ड, मॅडम."

* * *

इद्रीस कळपाबरोबर गेला. विमानात, एकेका लाकडी पेटीत एकेक ओरिक्स. तिकडे मोठं कुंपण होतं. गवत येईपर्यंत त्यात ठेवायचे आणि मग दार उघडायचं. तो अधूनमधून फोटो पाठवायचा. लांबून काढलेले, सगळी ठिपक्याएवढी. मी ते मोठे करून करून बघायची.

दार उघडायचा दिवस आला. सकाळपासून त्याचा मेसेज नाही. दुपारचे बारा वाजले, दोन वाजले. मला राहवेना. मी व्हॉइस मेसेज पाठवला, "इद्रीस, अरे माणूस आहेस की दगड? उघडलं का दार? गेली का ती?" आणि तोंडाला सवय हो, शेवटी निघूनच गेलं. टॉक-टॉक-टॉक, ये गो बायो, ये!

तासाभराने त्याचा फोन आला. आवाज भलताच. मागे लोक एकमेकांशी जोरजोरात बोलत होते.

"खाला, सकाळीच दार उघडलं. सगळी गेली. एक-एक करून, मग पळत. बायो नाही गेली."

"नाही गेली म्हणजे?"

"उघड्या दारापाशी उभी होती. खायच्या जागेजवळ. चार तास. पुढे मोकळं रान, कळप लांब निघालेला, आणि ही उभी. आम्हाला हाकलायची परवानगी नाही. स्वतःहूनच जायला पाहिजे म्हणतात. इथले साहेब म्हणाले, अजून थोडा वेळ बघू, मग दार लावून घेऊ. ही इथेच राहील."

 मी व्हरांड्यातल्या स्टुलावर बसले.

"मग?"

"मग मी गाडीत बसून फोन बघितला, तर तुझा मेसेज. काचा खाली होत्या, फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला. मी दाबला." इद्रीस थांबला. "खाला, तुझा आवाज अख्ख्या रानात गेला."

"आणि ती?"

"गेली! अशी गेली, खाला, बाण जातो तशी. दारातून सरळ. कळपालासुद्धा गाठलं तिने. साहेब आधी माझ्यावर ओरडले, आणि आता रडतायत. माझे अब्बा पण आले होते गावाहून. त्यांना खुर्ची दिली होती. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले."

मी मग विचारलं, "मागे वळून बघितलं का रे तिने?"

"नाही, खाला. एकदाही नाही."

"बरं झालं," मी म्हटलं.

आणि पिंजऱ्यातून वकील, अगदी माझ्याच आवाजात, "ये गो बायो, ये!"